पायरीचं चौथं कडवं

ललिताबाई ओव्हाळांना परक्या माणसाने ‘आजी’ म्हटलेलं खपत नाही. महापालिकेच्या शाळेत छत्तीस वर्षं शिकवलं, तेव्हा ‘बाई’ म्हणायचं. एवढी साधी गोष्ट. बिबवेवाडीतला त्यांचा भाजीवाला, बँकेतला कारकून, वरच्या मजल्यावरची आयटीवाली मुलं, सगळी एकेकदा बोलणी खाऊन सरळ झालेली आहेत. वय चौऱ्याऐंशी, गुडघे कामातून गेलेले, जीभ मात्र शाबूत. पुण्यात एवढ्या भांडवलावर म्हातारपण आरामात निघतं.

फक्त एका बाबतीत बाई कुणाचं काही ऐकून घ्यायला तयार नसत. त्यांचे वडील, सुखदेव भालेराव, एका बोलपटात गायले होते. चित्रपट नुकते कुठे बोलायला लागले होते, त्या काळातला, चौतीस सालचा बोलपट. नाव ‘सोन्याची पायरी’. देवळाच्या पायऱ्या घडवणाऱ्या पाथरवटाची गोष्ट. बाई नऊ वर्षांच्या असताना हडपसरच्या बाजार मैदानावर फिरता तंबू आला होता. तिथे ओळीने आठ दिवस त्यांनी तो पाहिला, आणि त्यातला पाथरवट त्यांच्या आबांच्या आवाजात गात होता. स्वतःच्या कानांनी ऐकलेलं. आबा तंबूवाल्याकडे इंजिन सांभाळायचे आणि एरवी जलशात गायचे. लोकांच्या चाली उचलून त्यावर आपले शब्द बसवण्यात त्यांचा हातखंडा. “त्या पिक्चरला माझा आवाज हाय,” असं ते मरेपर्यंत सांगत राहिले. बासष्ट साली गेले.

बोलपटाची एकही प्रत जगात उरलेली नव्हती. त्यामुळे ही गोष्ट खरी करता येत नव्हती आणि खोटीही ठरत नव्हती. बाईंच्या नवऱ्याने ती हसून ऐकली, जावांनी न हसता ऐकली. मुलगा समाधान पोस्टातून निवृत्त झाल्यापासून जरा स्पष्टवक्ता झालाय. तो सरळच म्हणायचा, “आई, आजोबा इंजिनात तेल ओतायचे. त्यांना गायला कोण बोलावणार होतं?”

आबांचा फोटो नाही. एक होता तो मामाच्या घरी, पानशेतच्या पुरात गेला. उरला होता तो आवाज, बाईंच्या कानातला. किंचित घोगरा, वरच्या सुराला गेला की जरासा फाटणारा, आणि फाटला तरी माघार न घेणारा. डोळे मिटले की तो यायचा. भांडी घासताना, पेपर तपासताना, नवरा गेला त्या दिवशीसुद्धा आला. बाईंनी त्याच्यावर साठ वर्षं काढली.

दोन वर्षांपूर्वी पेपरात बातमी आली. सासवडच्या पुढे धान्याचं एक जुनं गोदाम पाडताना पत्र्याच्या डब्यांची चळत सापडली होती, आणि डब्यांत होता ‘सोन्याची पायरी’. अकरा रिळं. एका खासगी संस्थेने तो बोलपट पुन्हा उभा करायचं काम हाती घेतलं होतं. अडचण एकच होती. त्या काळी आवाज फिल्मच्याच कडेला बारीक पट्टीत छापलेला असायचा, आणि आठव्या रिळाची ती पट्टी ओलीने विरघळून गेली होती. नेमकं त्याच रिळात पाथरवटाचं गाणं. चित्र आहे, ओठ हलताहेत, आवाज नाही. ‘कुणाला या गाण्याचे शब्द आठवत असल्यास कळवावे.’

बाईंनी त्याच दुपारी पत्र लिहिलं. सुवाच्य अक्षरात, समास सोडून. ‘सदर गाणे मी मूळ चित्रपटात ऐकले आहे. चारही कडवी पाठ आहेत. आवाज माझ्या वडिलांचा आहे.’

आठवड्याच्या आत संस्थेचा माणूस दारात हजर. दिग्विजय नाव, चाळिशीचा, खादीचा कुडता, बोलणं लोणी लावलेलं. आल्या आल्या ‘आजी’ म्हणाला आणि त्याचं काय व्हायचं ते झालं. मग मात्र ‘बाई, बाई’ करत त्याने दोन कप चहा घेतला आणि उठताना म्हणाला, “तुमचं म्हणणं खरं निघालं, तर वडिलांचं नाव नामावलीत येईल. गायक म्हणून. नव्वद वर्षांनी का होईना.”

बाईंनी दार लावलं आणि समाधानकडे नुसतं पाहिलं. त्यांच्या न बोलण्याची समाधानला लहानपणापासून जास्त धास्ती आहे.

खराडीच्या एका काचेच्या इमारतीत, सातव्या मजल्यावर त्यांना नेलं. तिथे श्रद्धा नावाची मुलगी आवाजाचं काम बघायची. अंधार केला, चित्र सुरू झालं. पायऱ्या, देऊळ, छिन्नी हातात घेतलेला पाथरवट. चौऱ्याहत्तर वर्षांनी बाई त्याला पाहत होत्या, आणि त्यांच्या तोंडून पहिलं वाक्य निघालं ते असं: “उलटं लावलंय तुम्ही. तो डावखुरा आहे.”

श्रद्धाने चित्र थांबवलं. फिल्मच्या कडेला कंपनीची अक्षरं होती, ती सरळ वाचता येत होती. पाथरवट उजव्याच हाताने काम करत होता. दिग्विजय समजूतदारपणे हसला. असं हसू बाईंनी शिक्षणाधिकाऱ्यांच्या तोंडावर पुष्कळ पाहिलं होतं. बाईंनी खुर्ची पुढे ओढली आणि गायल्या.

पायरीचा घडवला दगड, देवा, हाच माझा गुन्हा,
तीच पायरी चढण्यासाठी परवानगी मागू कुणा?

चारही कडवी म्हटली. आवाज थरथरला, शब्द नाही. श्रद्धा पडद्यावरचे ओठ पाहत होती. तीन-चारदा मागेपुढे करून ती हळूच म्हणाली, “बाई, चाल मस्त बसतेय. पण words मॅच होत नाहीयेत.”

“ओठांचं मला माहीत नाही,” बाई म्हणाल्या, “मी कानांनी ऐकलंय.”

महिन्याभराने नारायण पेठेतल्या एका संग्राहकाकडे त्या गाण्याची तबकडी निघाली. दिग्विजयने गाडी पाठवून बाईंना खराडीला बोलावून घेतलं. तबकडी फिरू लागली, आणि कुणीतरी गोड, गुळगुळीत, तालेवार घरातल्यासारखा गडी गायला लागला:

पायरीचा व्हावा दगड, देवा, एवढी माझी आस,
येत्याजात्या पायांखाली सरावा माझा श्वास.

पडद्यावरचे ओठ अगदी तंतोतंत जुळले. तबकडीवर तीनच कडवी होती, तेवढीच मावली असणार. तिन्ही अशीच, लोळण घेणारी. आणि आवाज आबांचा नव्हता. कुठूनही, कसाही नव्हता. त्या चित्रपटातल्या नटाचाच होता. तबकडीवर नाव छापलेलं होतं.

बाईंना लाज वाटली. एवढ्या आयुष्यात माणसांनी त्यांना लाज आणायचे प्रयत्न पुष्कळ केले होते, त्यातला एकही जमला नव्हता. हे मात्र जमलं. बाप खोटं बोलला. आणि आपण ते खोटं शिक्षकाच्या अक्षरात लिहून पाठवलं. दिग्विजय म्हणाला, “होतं असं, बाई. स्मृती फसवते.” त्या ‘हो’ म्हणाल्या. त्यांच्या तोंडून इतकं निमूट ‘हो’ क्वचितच कुणी ऐकलं असेल.

परतीला गाडी नव्हती. हडपसरच्या चौकात रिक्षा अडकली. समोर एका स्थानिक पुढाऱ्याच्या वाढदिवसाचा फ्लेक्स होता, पण तोंड पलीकडे. मागून ऊन पडल्याने सगळं आरपार दिसत होतं. अक्षरं उलटी. पुढाऱ्याने आशीर्वादासाठी वर केलेला हात डावा. बाई त्याच्याकडे बघत राहिल्या, आणि मग एकदम रिक्षावाल्याला म्हणाल्या, “अहो, मी मागे बसले होते.”

“मागंच बसत्यात की सगळी,” रिक्षावाला म्हणाला.

तंबूत पडदा मधोमध असायचा. पुढच्या बाजूला गावातली मंडळी बसायची. पडद्याच्या मागे, अर्ध्या तिकिटात, त्यांच्या वस्तीतले लोक बसायचे. तिथून चित्र उलटं दिसायचं. कुणी पाटी लावलेली नव्हती. गावात कोण कुठल्या आळीतला हे तिकीटवाल्याला पाठ होतं, पाटीचा खर्च कशाला? नऊ वर्षांच्या पोरीला काय कळणार की चित्राला पुढची बाजू असते! तिने डावखुरा पाथरवट पाहिला. आणि तंबूत फिरून फिरून झिजलेल्या त्या प्रतीचा आवाज आठव्या रिळाला गुरगुरून बंद पडायचा. लोक खुर्च्या मोडतील म्हणून मालकाने इंजिनावरच्या माणसाला हाक मारली असणार: सुखदेवा, तू गातोस ना, गा. आबा अंधारात, पडद्याच्या मागे, बांबूला टेकून गायले; चित्रावर डोळे लावून बसलेल्या पोरीला ते दिसले नाहीत. चाल त्या पाथरवटाची. शब्द मात्र त्यांनी स्वतःचे घातले, आठही दिवस, पुढे बसलेल्या सगळ्या गावाला ऐकवले, आणि गावाने ते देवाचं गाणं समजून ऐकून घेतलं.

बाई रिक्षात हसल्या आणि लगेच रडल्या. बाप खोटं बोलला नव्हता. त्या पिक्चरला त्याचा आवाज होताच. साऱ्या हडपसराने ऐकलेला.

दुसऱ्या दिवशी त्या आपणहून खराडीला गेल्या आणि दिग्विजयला सगळं सांगितलं, मुद्देसूद. डावखुरेपणा म्हातारीचा भ्रम नव्हता. ती कुठे बसली होती त्याचा तो पुरावा होता. श्रद्धाचे डोळे मोठे झाले. दिग्विजय म्हणाला, “किस्सा अप्रतिम आहे, बाई. पण तो तंबूचा झाला, चित्रपटाचा नाही. आम्हाला चित्रपटाशी प्रामाणिक राहायला हवं.”

हे बाईंना पटलं, हेच त्यांचं चुकलं. आयुष्यभर पोरांना प्रामाणिकपणा शिकवलेल्या माणसाची तो शब्द ऐकला की मान खाली जाते. नामावलीत नाव येणार नाही, ठीक. आबा खरे ठरले, पुष्कळ झालं. मग दिग्विजयने विनंती केली: पाथरवट पाठ फिरवतो तिथे चौथं कडवं असणार, त्याची चाल कुठेच नाही, निदान ती तरी बाईंनी द्यावी. बाईंनी तीन दिवस दिले. कानांवर ते मोठे गोल हेडफोन चढवायचे, त्यात तबकडीची तीन कडवी ऐकायची आणि तिसरं संपलं की चौथं आपण उचलायचं. पुन्हा. पुन्हा. श्रद्धाने कमीत कमी साठ वेळा म्हणवून घेतलं असेल. चौथ्या कडव्याला शब्द तर हवेत, म्हणून बाई आबांचे म्हणायच्या.

छिन्नी माझी, घाम माझा, वरती तुझं नाव,
दगडाचा मी देव केला, मला कुठं ठाव?

पुढच्या फेब्रुवारीत पुण्यातच मोठ्या सभागृहात पहिला खेळ झाला. बाईंना तिसऱ्या रांगेतलं आमंत्रण होतं. समाधान हात धरून घेऊन गेला. चित्र लख्ख झालं होतं, आवाज खणखणीत. आठवं रीळ आलं. पाथरवट तबकडीतली तिन्ही कडवी गायला. मग त्याने पाठ फिरवली आणि तो पायऱ्या चढायला लागला. ओठ दिसत नव्हते. आणि त्याच गोड, गुळगुळीत आवाजात गाणं पुढे चालू राहिलं. छिन्नी माझी, घाम माझा.

नट साठ वर्षांपूर्वी मेलेला. कॉम्प्युटरने त्याच्या तीन कडव्यांवरून त्याचा आवाज शिकून घेतला होता आणि चौथं गाऊन दाखवलं होतं. सभागृहात टाळ्या पडल्या. सबंध चित्रपटात पडल्या त्या तेवढ्याच. नंतर मंचावर कुणी विद्वान बोलले: तीन कडवी शरणागतीची आणि चौथ्यात हा अंगार! चौतीस साली आमचे कवी काळाच्या किती पुढे होते! कवीमहाशयांचं नाव पडद्यावर भलं मोठं होतं. समाधानने आईचा हात इतका घट्ट धरला की त्यांच्या बांगड्या रुतल्या. “हे तर आजोबांचं,” तो म्हणाला. साठी उलटल्यावर त्याचा आजोबांवर विश्वास बसला, तो असा.

बाईंनी दिग्विजयला वडे-चहाच्या टेबलाशी गाठलं. “माझी स्मृती फसवते ना? मग हे कडवं कुठून आणलंत?”

“बाई, पहिली तीन तुम्हाला चुकीची आठवत होती. चौथं बरोबर आठवलेलं असू शकतं.”

“वा! म्हणजे मी सोयीपुरती शहाणी.”

तो हसला नाही. उद्या घरी येतो म्हणाला, आणि आलाही. येताना एक कागद आणला होता. चित्रपट परदेशातल्या महोत्सवाला जाणार होता. तिथले लोक फार काटेकोर. नव्याने भरलेल्या प्रत्येक तुकड्याचा उगम लिहून मागतात. चौतीस सालानंतरचं काही घातलेलं त्यांना चालत नाही. म्हणून बाईंनी एवढंच लिहून द्यायचं की हे कडवं त्यांनी मूळ चित्रपटात ऐकलं. साक्षीदार म्हणून त्यांचं नाव नामावलीत येईल.

“आणि खरं लिहिलं तर? सुखदेव भालेराव, हडपसर, सन पन्नास?”

“तर कडवं काढावं लागेल. मग ते कुठेच राहणार नाही, बाई. विचार करा. तुमच्या वडिलांचे शब्द जगभर जातील, फक्त...” मग पिशवीतून त्याने बाईंचंच पहिलं पत्र काढलं. “तसं तुम्ही हे लिहिलेलं आहेच. ‘सदर गाणे मी मूळ चित्रपटात ऐकले आहे.’ तुमचंच वाक्य.”

समाधान मधे पडला. “आई, कर सही. नाव कुणाचंही लागू दे. शब्द तरी राहतील.”

बाईंना सही करावीशी वाटत होती, हे लपवण्यात अर्थ नाही. आपण गेल्यावर हे कडवं म्हणणारं पृथ्वीच्या पाठीवर कुणी नाही, हे त्यांना ठाऊक होतं. परदेशातल्या अंधारात गोरी माणसं टाळ्या वाजवताहेत, असंही क्षणभर दिसलं. मग त्या उठल्या, कपाटातून लाल शाईचं पेन आणलं, आपल्या पत्रातलं ते वाक्य एका रेघेने खोडलं आणि समासात लिहिलं: ‘चूक. हे शब्द माझ्या वडिलांचे. चित्रपटाचा त्यांच्याशी संबंध नाही.’ खाली पूर्ण सही, तारीख.

“आमच्या बापाच्या लेकराला दुसऱ्या बापाचं नाव लावून मी वाढवायचं? मरू दे ते. पण ज्याचं त्याच्या नावाने मरू दे,” त्या म्हणाल्या. “आणि तुम्ही मागे प्रामाणिकपणाचं काहीतरी म्हणत होतात, दिग्विजय. ते कुठे विसरून आलात?”

तो कागद घेऊन गेला. चहा तसाच राहिला.

चित्रपट परदेशी गेला, गाजला. पाथरवट पायऱ्या चढतो तिथे आता नुसत्या घंटा वाजतात. ‘शब्दांहून बोलकी अशी ही घंटांची योजना,’ असं पेपरात छापून आलं. समाधानने वाचून दाखवलं आणि पेपर दुमडून ठेवला. त्या दिवशी तो फार चांगला वागला. म्हणाला, “आई, आपण आपल्या घरी करू. तू म्हण, मी मोबाइलवर घेतो. वर आजोबांचं नाव घालतो, तारखेसकट. पोरांना देऊ, पोरांच्या पोरांना देऊ. कुणाची परवानगी नको.”

बाईंना ते आवडलं. त्या चांगलं लुगडं नेसल्या, पाणी प्यायल्या, खुर्चीत ताठ बसल्या. समाधानने मोबाइल पुढे धरला आणि मान हलवली. गाण्याआधी त्या नेहमी करायच्या तेच त्यांनी केलं: डोळे मिटले आणि आबांची वाट पाहिली. म्हणजे त्यांच्या मागोमाग म्हणता आलं असतं.

आवाज आला. गोड, गुळगुळीत, कुठेही न फाटणारा. छिन्नी माझी, घाम माझा.

त्यांनी डोळे उघडले, पुन्हा मिटले. पहिल्या कडव्यापासून सुरुवात केली. आबांचं पहिलं कडवं, गुन्ह्याचं. तेही त्याच गड्याने म्हटलं. त्याने कधी न म्हटलेले शब्द, अगदी सफाईने. हेडफोनमधले ते तीन दिवस, ती साठ आवर्तनं, सभागृहातला तो खणखणाट. साठ वर्षं जपलेला घोगरा आवाज त्यांनी शोधला. हडपसरच्या तंबूत, मामाच्या ओसरीवर, नवरा गेला त्या दुपारी. सगळीकडे तोच दुसरा बसला होता.

“आई, म्हण ना. चालू आहे,” समाधान म्हणाला.

“बंद कर,” बाई म्हणाल्या. “आबा येत नाहीत. तोच येतोय.”